सहाव्या वर्षाची दाढ

चंदनी पडव्याला घारी खाऊ नका, असे मी सुरतेतील मुलांस सांगणार नाही; मलाही ती आवडते! परंतु सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे उगवणारी दाढ पडून पुन्हा येईल, असे मानणारे पालक मला नेहमी भेटतात. ती कायमची असते. तिच्या खाचांत ब्रशचे केसही शिरत नाहीत. दंतवैद्य ती स्वच्छ करून फॉस्फरिक आम्लाने किंचित खरखरीत करतात, धुऊन खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत सुकवतात आणि पातळ राळ खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. आम्लाची ही युक्ती १९५५ साली बुओनोकोरे यांनी मांडली. सारे कसब लाळ दूर ठेवण्यात आहे. ती लागली की लेप टिकत नाही. म्हणून शिबिरात शंभर मुले उरकण्यापेक्षा कापसाच्या गुंडाळ्या बदलणारा मदतनीस घेऊन वीसच नीट करावीत, असे माझे मत आहे.