शेवटचा नंबर सुनेचा

बाहेरच्या लोकांना देवणी म्हटलं की आमचा देवणी वळू आठवतो. लातूर-नांदेड म्हटलं की ऊन आणि पाण्याची टंचाई. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. पण आमच्याकडची थंडी कुणाच्या गणतीत नसते. येळवस जवळ आली की पहाटे हौदातल्या पाण्यात हात घालवत नाही. मग दुकानांपुढं गॅस गिझरची खोकी रचली जातात आणि घराघरांत एकच विषय निघतो, यंदा आपणही बसवून टाकू.

मैत्रिणींनो, गिझर घ्यायला माझी ना नाही. उलट बाईच्या दृष्टीनं ती चैन नाहीच. ज्या बाईनं पहाटे उठून बंब पेटवलाय, ओल्या तुराट्या फुंकून डोळे लाल करून घेतलेत, चुलवणावरचं पातेलं पदरानं धरून मोरीपर्यंत नेलंय, तिला विचारा कढत पाण्याच्या तोटीची किंमत. विजेच्या रॉडचा भरवसा नाही. बादलीत रॉड टाकून लेकरू तिकडं फिरकलं तर, हा धाक सारखा मनात असतो. वीज तर नेमकी आंघोळीच्या वेळेलाच जाते. गॅस गिझरला मात्र दोन सेल घातले, तोटी सोडली की भक्कन पेटतो. स्वस्त आहे आणि थांबावं लागत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. तो बसवायचा कुठं, हे घरात कोण ठरवतं?

ठरवतो दुकानातून आलेला पोऱ्या. अर्ध्या तासात भिंतीला दोन भोकं पाडतो, नळीचा एक तुकडा जोडतो, आणि न्हाणीघरात नळाच्या डोक्यावर तो डबा लटकतो. कारण तिथं नळी कमी लागते. बाहेर बसवायचा तर चार-सहा फूट जादा पाईप, सिलिंडरला आडोसा, वर पत्र्याचा तुकडा. आमच्याकडं फरशी कुठल्या रंगाची घ्यायची यावर तीन दिवस खल होतो, पण या पाईपावर घासाघीस होते. खोक्यातल्या पत्रकात बहुधा लिहिलेलं असतं की बंद न्हाणीघरात बसवू नका, मोकळी हवा असू द्या. पण पत्रक असतं इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि गिझर लागला की ते रद्दीत जातं.

आता जरा हिशोब करू. घाबरू नका, सोपा आहे. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. आपलं न्हाणीघर पाच बाय चार फुटाचं, उंची आठ फूट धरली तर त्यात सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा. म्हणजे दार-खिडकी घट्ट लावली तर अर्धा किलो गॅस पुरता जळायलाही ती हवा पुरायची नाही. आणि आपणही तीच हवा श्वासात घेत असतो! हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरत नाही.

इथं आपल्या बायकांची एक समजूत आड येते. "गॅस सुटला तर वास येईलच की!" येतो, पण तो सिलिंडरमधला गॅस गळला तर. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. जळून झाल्यावर तो वास उरत नाही. मोनॉक्साईड तयार होतो तो जळताना, म्हणून नाक कितीही तिखट असलं तरी उपयोग नाही. विलायतेतल्या कोळशाच्या खाणींत मजूर हा वायू ओळखायला पिंजऱ्यातले पिवळे कॅनरी पक्षी खाली नेत. पक्षी मलूल झाला की माणसं बाहेर पळायची. १९८६ पर्यंत ही पद्धत चालू होती. आपल्या न्हाणीघरात कॅनरी नाही, तिथं आपणच असतो.

हा वायू करतो काय, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट. मग शरीरात प्राणवायू न्यायला वाहनच उरत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. आता खरं सांगा, यातलं कुठलं लक्षण आपल्याला नवं वाटतं? पित्त झालं म्हणतो. काल चतुर्थी होती, उपासानं झालं म्हणतो. "तुझं रक्तच कमी आहे" म्हणून सासूबाई गूळ-शेंगदाणे देतात. आंघोळ करून आल्यावर रोज डोकं धरत असेल तर ते गिझरमुळं असू शकतं, हे कुणाच्या मनातही येत नाही, कारण बाईचं डोकं दुखणं हे घराच्या नेहमीच्या आवाजातलाच एक आवाज झालेलं असतं. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ते यंत्र आलंय. त्यावर विसंबू नका. मोनॉक्साईड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला चांगलंच दिसतं आणि ते खुशाल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव दाखवत बसतं. आणि पोटुशी बाई असेल तर धोका दोघांना, त्यातही पोटातल्या लेकराला अधिक.

आता मला जे मनापासून बोलायचंय ते.

आपल्या घरात आंघोळीचा क्रम आठवा. आधी मामंजी, त्यांची पूजा असते. मग घरधनी, त्यांना बस गाठायची असते. मग शाळेची लेकरं. मग सासूबाई. या सगळ्यांचे डबे, चहा, पोळ्या उरकून, झालंच तर त्यांचे कपडे भिजवून, शेवटी न्हाणीघरात शिरते ती सून. तोवर तो गिझर तासभर थांबत-थांबत जळलेला असतो. आतली हवा चार जणांनी आणि एका ज्योतीनं वापरलेली. पहिल्यानं आंघोळ करणाऱ्याला काही होत नाही, म्हणून त्याला गिझर उत्तम वाटतो. "मला कसं काही होत नाही?" असं तो खऱ्या मनानं विचारतो. अहो, तुम्ही ताज्या हवेत आंघोळ केलीत! घरात जी शेवटी जेवते तीच शेवटी न्हाते, आणि डोक्यावरून न्हायचं असेल, लेकीची वेणी धुवायची असेल तर तीच सगळ्यात जास्त वेळ आत असते. शेवटी जेवल्यावर फार तर भाजी संपलेली असते. इथं संपते ती हवा.

दुसरी गोष्ट झरोक्याची. जुनी न्हाणी आठवते का? परसात तीन भिंती, पुढं पडदा किंवा तट्ट्या, वर आभाळ. थंडी वाजायची, पण धूर कोंडायचा नाही. माळवदाच्या घरात चुलीवर धुराडं असायचं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं दगड-मातीच्या घरांची धास्ती बसली, हळूहळू स्लॅब आले, न्हाणीघर घरात आलं, चकचकीत फरशी लागली. ते चांगलंच झालं. पण वरचा झरोका? तो ठेवतात वीतभर, आणि त्यातही आम्ही पोतं कोंबतो, जुनं कॅलेंडर चिकटवतो. का? थंडी वाजते हे एक. पण खरं कारण गल्ली. मागच्या गल्लीतून माणसं जातात, पोरं गच्चीवर असतात. तरण्या लेकीनं उघड्या खिडकीच्या न्हाणीघरात आंघोळ कशी करायची? म्हणून "खिडकी उघडी ठेवा" एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. बाईची अब्रू आणि बाईचा श्वास यांत तिला एक निवडायला लावू नका. मिस्त्रीला सांगून झरोका डोक्याच्या वर, छताला लागून करता येतो. त्याला आडव्या तिरप्या पट्ट्या बसवता येतात, म्हणजे बाहेरून आतलं दिसत नाही आणि हवा खेळते. दाराच्या खाली दोन बोटं फट ठेवता येते. पण हे सगळं गिझर बाहेर असताना. आत गिझर आणि वर झरोका, ही तडजोड मला मान्य नाही. कोण ना कोण त्यात पुन्हा पोतं कोंबणारच.

माझी भाची अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिच्या दिवाणखान्यात गॅसची शेकोटी आहे. काचेमागे खोटी लाकडं आणि त्यातून खऱ्या ज्वाळा. फोनवर पाहून मला आधी हसूच आलं, पोरीनं शेकायला काचेची शेकोटी केली म्हणून. पण तिनं ती बसवण्याचं रामायण सांगितलं तेव्हा ऐकत राहिले. आधी नगरपालिकेचा परवाना. मग भिंतीतून बाहेर जाणारी दुहेरी नळी, एका नळीतून ज्योतीसाठी बाहेरची हवा आत येते, दुसरीतून जळलेली हवा बाहेर जाते. खोलीतल्या हवेला ज्योत शिवतच नाही, पुढची काच बंद. वर त्या राज्याचा कायदा असा की झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत मोनॉक्साईडचा भोंगा पाहिजेच. जिथं घराघरात आग पेटवल्याशिवाय हिवाळा निघत नाही, तिथले लोक आगीला इतकं बांधून ठेवतात. आणि आपण सहा आठवड्यांच्या थंडीसाठी तीच आग पाच बाय चारच्या खोलीत डोक्यावर टांगतो. त्यांच्याकडं सगळं चांगलं असतं असं मुळीच नाही, पण ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

थंड हवेच्या ठिकाणी फिरायला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दमन इथं केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले होते. सकाळी कुणीच उठलं नाही.

आपल्याकडं तशी खोली एकच असते, बाळंतिणीची. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी, दाराला पडदा, खिडकीला चादर, वारा लागू नये म्हणून. आमच्या आयांनी असंच केलं, पण त्यांच्या डोक्यावर धुराडं होतं, कौलांच्या आणि दारांच्या फटी होत्या. स्लॅबच्या खोलीत हे करायचं नाही. कोळशाचा धूर दिसेनासा झाला की आपल्याला वाटतं आता निखारा स्वच्छ झाला. मोनॉक्साईड त्या लाल निखाऱ्यातूनही निघत असतो. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी घ्या, तव्यावर फडकं तापवून शेक द्या, लेकराला टोपडं घाला, आईजवळ छातीशी धरा. आजेसासूबाई रागावतील. रागावू द्या, त्यांना सांगायला डॉक्टरीणबाईंना पुढं करा.

तर गिझर घ्यायचाच असेल तर असं म्हणा: बाहेर, आडोशाला, जिथं वारा खेळतो तिथं. आत फक्त गरम पाण्याची तोटी. सिलिंडर उभा, नळी आयएसआय मार्कची आणि भेगा नसलेली. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली किंवा डब्यावर काजळी धरली की वापर बंद आणि माणूस बोलवा. मात्र आतला गिझर निळ्या ज्योतीनं जळतोय म्हणून निर्धास्त राहू नका. आधीच आत बसवलेला असेल आणि या हंगामात हलवणं जमत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, हवा जाऊ द्या आणि मग आत जा. गच्चीवर ऊन भरपूर आहे, ऐपत असेल त्यांनी सौर बंबाचाही विचार करावा, तो तर काहीच जाळत नाही.

आणि न्हाणीघराच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या. आत गेलेल्या माणसाला पाच-सात मिनिटांनी हाक मारायची सवय ठेवा, सुनेला सुद्धा. ओ आली नाही तर लाजेकाजेचा विचार न करता दार उघडायचं, गिझर बंद करायचा, तिला मोकळ्या हवेत ओढून आणायचं, अंगावर चादर टाकायची आणि १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात गेल्याबरोबर "गॅसचा गिझर चालू होता" हे पहिलं वाक्य सांगा, म्हणजे डॉक्टर लगेच ऑक्सिजन लावतील. गॅस गळतीचा वास आला तर नंबर वेगळा, १९०६. हे दोन्ही आकडे मी आमच्या न्हाणीघराच्या दारावर बाहेरून रंगाने लिहून घेतलेत.