मत मागच्या सीटचं!

जोडप्यानं शोरूममध्ये बाइक बघायला जाणं हा एक खास प्रकार असतो. तुम्ही गेला असाल, तर हे दृश्य ओळखीचं असेल. सेल्समन ‘सर’ना सीसी सांगतो, टॉर्क सांगतो, मायलेज सांगतो. सर टाकीवरून हात फिरवतात, किक नसलेल्या बाइकलाही मनातल्या मनात किक मारतात. सगळं ठरत आलं की सेल्समन मागे वळतो आणि ‘मॅडम’ना विचारतो, ‘कलर कुठला घेऊ या?’

बस्स! मॅडमचं मत संपलं.

आता जरा हिशेब करा. वीकएण्डला पाचशे किलोमीटर फिरायचं, तर दोघांचेही पाचशेच होतात. मागच्या सीटला डिस्काउंट नसतो. उलट पुढच्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतो आणि समोरचा खड्डा त्याला आधी दिसतो. मागच्याला तो थेट कण्यात कळतो. म्हणून माझं साधं म्हणणं आहे. दोघांनी मिळून डोंगरात फिरायला बाइक घेणार असाल, तर ती मागच्या सीटवर बसून निवडा. आणि अशी निवडा, की वेळ आली तर मागचं माणूस पुढे बसू शकेल.

हे मी बोलतेय तेही मागच्या सीटवरूनच. ऑफिस पुण्यात, सासर पुण्यात, माहेर बीडला. त्यामुळे आमच्या बहुतेक राइड्स बीडच्या दिशेनं होतात. हे सांगितलं की ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो, ‘बीडला कुठे डोंगर आहेत?’ लोकांच्या डोक्यात बीड म्हणजे दुष्काळ, टँकर आणि राजकारण. अहो, अर्धा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर बसलाय! खाली गोदावरीकाठची सपाट गंगथडी आणि वर बालाघाट, अशी आमच्या जिल्ह्याची सरळ विभागणी. सह्याद्रीसारखे उंच सुळके इथे नाहीत. पठार आहे, आणि पठाराची कडा जिथे तुटते तिथे घाट. दोघांनी बाइकवर घाट शिकायचा, तर याहून चांगली शाळा नाही. लेह-लडाख पळून जात नाही हो. आधी मांजरसुंब्याचा घाट तर नीट उतरा!

आता बाइककडे वळू. आम्ही तीन गाड्यांवर घुटमळत होतो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि रॉयल एनफिल्डचीच मीटिऑर ३५०. आमच्या नवरोबांचा जीव अर्थातच हिमालयनवर. ४५२ सीसी, ४० पीएस, १७ लिटरची टाकी. गाडी जबरदस्त आहे, वादच नाही. पण सीटची उंची ८२५ मिलिमीटरपासून सुरू आणि वजन १९६ किलो. माझी उंची पाच फूट दोन इंच. तिच्यावर मागे बसताना माळ्यावर चढल्यासारखं वाटलं. पुढे बसले, तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकले. व्ही-स्ट्रॉम हलकी, १६७ किलोंची, पण सीट ८३५ मिलिमीटरवर. मीटिऑर वजनानं हिमालयनच्या जवळपास, १९१ किलो. ताकद साधारण निम्मी, २० पीएसच्या आसपास. पण सीट ७६५ मिलिमीटर! पुढे बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. मागे बसले, तर पाठटेकूला पाठ टेकली. निर्णय झाला.

‘पण पॉवर?’ नवरोबा कळवळले. बरोबर आहे, ताकद कमीच आहे. पण दोघं आणि बॅगा घेऊन घाटात जाताना आपण शर्यत लावणार नसतो. शिवाय पैशाचंही गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्क्यांवर गेला. ईएमआय भरणाऱ्यांना यापुढे काही समजावायला नको.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. तुम्ही दोघंही उंच असाल, कच्च्या रस्त्याचं वेड असेल, तर हिमालयन घ्या, मजा करा. फक्त टेस्ट राइड दोघांनी घ्या. एकट्यानं फ्लायओव्हरवर मारलेली चक्कर ही टेस्ट राइड नव्हे. मागे वीस मिनिटं बसून तीन गोष्टी बघा. फूटरेस्टवर पाय ठेवले की गुडघे छातीशी येतात का? ब्रेक लागला की तुम्ही पुढे घसरता का? आणि धरायला काय आहे? पुढच्याचं जॅकेट हे धरायचं साधन नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो, की मागच्यासाठी पकडायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला आच्छादन हवंच. म्हणजे सरकारनं मागच्या सीटचा विचार तेव्हाच केला होता. आपण घरात करायला काय हरकत आहे?

गाडी घरी आली की दुसरा धडा. दोघं बसल्यावर तीच गाडी वेगळी होते. मागच्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं. चढावर हँडल थोडं भरकटल्यासारखं वाटतं, ते याचमुळे. हेडलाइटचा झोतही वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. उपाय साधे आहेत. मागच्या टायरमध्ये मॅन्युअलात दोघांसाठी दिलेली हवा भरा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवून घ्या. मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो. झोत खाली घ्या. आणि ब्रेक नेहमीपेक्षा लवकर सुरू करा, कारण वजन वाढलं की थांबायला अंतरही जास्त लागतं. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, वेग इंजिनालाच धरू द्या. मागचा ब्रेक दाबून ठेवून उतरलात तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका हवा तेव्हा दगा देतो.

मागच्यालाही काम आहे बरं का! वळणावर गाडी ज्या बाजूला झुकते, त्या बाजूच्या पुढच्याच्या खांद्यावरून रस्ता बघायचा. शरीर आपोआप गाडीबरोबर जातं. घाबरून उलट्या बाजूला झुकलात, तर पुढच्याला हँडलशी झुंजावं लागतं. आणि आमच्या घरचा कायदा असा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. थांब म्हटलं की थांबायचं. ‘अगं, आता ढाबा येईलच’ हे उत्तर चालत नाही. पुढच्याच्या हातात दोन जीव असतात. निदान एका जिवाला तरी नकाराधिकार हवा.

आमचा नेहमीचा रस्ता सांगते. पुण्याहून शिरूर, अहिल्यानगर, मग कडा, आष्टी, जामखेड, सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा आणि बीड. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे कडा-आष्टीला तुम्ही बीड जिल्ह्यात शिरता, जामखेडला पुन्हा बाहेर पडता आणि सौताड्याला परत आत येता. सौताड्यात विंचरणा नदी कड्यावरून खाली झेप घेते आणि खाली दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे उभं राहिलं की बीडला कोरडं म्हणणाऱ्या सगळ्यांना फोन लावावासा वाटतो. पाटोदा तालुक्यातच नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे. मांजरसुंब्याजवळ आत वळलात, तर कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी.

याच रस्त्यावर पाटोद्याच्या थोडं अलीकडे एकदा नवरोबांची अर्धशिशी उठली. डोळ्यांसमोर चमचम, ऊन सहन होईना. अशा वेळी गाडी चालवणं म्हणजे वेडेपणा. त्यांना झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, गोळी दिली, तासभर थांबलो. मग किल्ली मी घेतली. गिअरच्या गाडीचं लायसन्स काढून ठेवलं होतं. हे महत्त्वाचं आहे मैत्रिणींनो, कारण फक्त बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स मोटरसायकलला चालत नाही. पहिले दहा किलोमीटर पोटात गोळा होता. मग गाडीची आणि माझी ओळख पटत गेली. मांजरसुंब्याला हायवेला लागलो आणि समोर घाट. तिसरा गिअर, डावी लेन, ट्रकमागे शांतपणे. एका बाजूला पालीचं बिंदुसरा धरण दिसू लागलं, तेव्हा मागून आवाज आला, ‘अगं, पुढचं काहीच दिसत नाही गं इथून! ब्रेक कधी लागणार ते तुला कळतं कसं?’

‘कळत नाहीच,’ मी म्हटलं. ‘म्हणून तर खांद्यावर थाप मारते.’

मागे बराच वेळ शांतता. मग माझ्या खांद्यावर एक थाप पडली. हळू! मी लगेच वेग कमी केला. कायदा म्हणजे कायदा.

घरासमोर गाडी लावली, तर शेजारच्या मावशी दारातच. ‘काय माय, जावयाला मागं बसवून आणलंस व्हय?’ माझी आई याच गल्लीतून बाबांच्या एम-एटीवर एका बाजूला पाय सोडून, डोक्यावरचा पदर दातात धरून बसायची. तिला कुणी कधी विचारलं नसेल, की बाई, तुला धरायला काही आहे का? त्या संध्याकाळी तिनं मीटिऑरच्या मागच्या सीटवर हात ठेवून बघितला, मग पाठटेकू दाबून बघितला. म्हणाली, ‘हे चांगलं केलंय बघ.’ इंजिनाबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही.

सीझनबद्दल एक कळकळीची सूचना. सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. डोंगर हिरवे, हवा सुखाची, आणि रस्त्याकडेला टोपल्यांत बालाघाटातली सीताफळं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, उगाच नाही! पण दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांवरून ऊसतोड कामगार निघतात. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरं, कधी शेळ्याही. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, या सगळ्या पट्ट्यातून हजारो जोडपी सहा-सहा महिने घर सोडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल जोडीची, काम जोडीचं. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. आपण जोडीनं डोंगर चढतो ते हौसेसाठी, आणि ही जोडपी त्याच घाटानं उतरतात ती पोटासाठी. त्यांच्या ट्रॅक्टरमागे अडकलात, तर कर्कश हॉर्न मारू नका. दहा मिनिटं उशीर झाला तरी तुमची सुट्टी कमी होत नाही. आणि हंगामात अंधार पडल्यावर बाइक चालवूच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि मागे दिवा असेलच याची खात्री नाही. जोखीम घ्यायची गोष्ट नाही ही.

निघण्याआधी एवढं करा:

– हेल्मेट दोघांना, तेही बीआयएस मार्कचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये मागचा माणूसही येतो. मागच्याचं हेल्मेट स्वस्तातलं, असा भेदभाव नको.

– जॅकेट, ग्लोव्हज आणि घोटा झाकणारे बूट मागच्यालाही. रस्त्याला सीट नंबर कळत नाही.

– दर ७०-८० किलोमीटरला ब्रेक. मागच्यानं मागितला तर त्याआधीच.

– सामान सीटच्या दोन्ही बाजूंना, जड वस्तू खाली. मागच्याच्या पाठीवर सॅक नको. तिचं वजन खांद्याला आणि गाडीला दोघांनाही नडतं.

– पहिल्याच राइडला धारूरचा घाट नको. अरुंद आणि अवघड वळणांचा म्हणून तो ओळखला जातो. आधी मांजरसुंबा दोन-तीनदा करा, मग धारूरचा किल्ला बघायला जरूर जा.

– आणि महिन्यातून एकदा तरी जागा बदला. रिकाम्या रस्त्यावर, पाच किलोमीटर का होईना.

या शेवटच्या सूचनेवर पुरुषमंडळी सर्वांत जास्त कुरकुरतात. पण ज्यानं मागे बसून एकदा तरी घाट उतरलाय, तो पुढे बसल्यावर वेगळी गाडी चालवतो. खड्डा दिसला की आधी सांगतो, ब्रेक हळुवार लावतो, ‘ठीक आहेस ना?’ विचारतो आणि उत्तर ऐकण्यासाठी वेगही कमी करतो.

तेव्हा या शनिवारी शोरूममध्ये जाणार असाल, तर ‘कलर कुठला?’ हा प्रश्न येण्याआधीच गाडीवर जाऊन बसा. आधी मागे, मग पुढे. रंगाचं काय, पाटोद्यापर्यंत सगळ्यांचा एकच होतो. धुळीचा!