कोणता सरस सरस?

आपल्या मंडळींच्या गराजमध्ये एक डबा हमखास सापडतो, अर्धवट वाळलेल्या ग्लूच्या बाटल्यांचा. आमच्याकडेही आहे. ‘लाकूडच चिकटवायचं ना? मग सगळ्यात घट्ट असेल तो आणा,’ असा आमचा वर्षानुवर्षांचा हिशेब. गेल्या गणपतीत तो चुकला.

आमचा चौरंग आजोबांच्या वेळचा, सागवानी, पुण्याहून बॅगेतून आणलेला. इथल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि सांधे सैल होतात. एक पाय डुगडुगू लागला तसा आम्ही त्यात फुगणारा पॉलियुरेथेन ग्लू भरला. फेस झकास आला, फट बुजली. पण फेसात बळ नसतं, हे इंजिनिअर असून विसरलो! चतुर्थीच्या आदल्या रात्री पाय निखळला. नशीब, मूर्ती अजून खोक्यातच होती.

मग मात्र रीतसर अभ्यास केला. त्याचं सार असं:

सांधा घट्ट बसणारा आणि लाकूड स्वच्छ असेल, तर पिवळा वूड ग्लू उत्तम. तो आपल्या फेव्हिकॉलचाच भाऊबंद. अर्धा-एक तास क्लँप लावा, भार मात्र २४ तासांनी द्या. गराजमध्ये तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली असेल, तर काम घरात आणा. जुन्या वाळलेल्या थरावर हा ग्लू धरत नाही. आधी तो खरवडून लाकूड उघडं करा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, खिडकी उघडी ठेवून.

लाकूड झिजून फट पडली असेल तर इपॉक्सी. सुपरग्लू उडालेल्या टवक्यापुरता ठीक. खुर्चीच्या पायाला नको, तो ठिसूळ असतो.

आणि सांध्यात काचेसारखा कडक, तपकिरी थर दिसला, गरम पाण्याने चिकट झाला, तर तो आपल्या जुन्या सुतारांचा सरस. तो उष्णतेने, ओलाव्याने सुटतो आणि जुन्या सरसावर नवा सरस नीट धरतो. म्हणून जुन्या वस्तूला तोच बरा. इथे तो ‘हाइड ग्लू’ नावाने बाटलीत मिळतो. मुदतीची तारीख बघूनच घ्या.

पण सरस होतो जनावरांच्या कातडी-हाडांपासून. देवाच्या चौरंगाला चालेल? सौ.ने शंका काढली. आईला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, मुळात त्यात तोच होता ना? आजोबांना चालला, तुला काय झालं?”

फेस खरवडण्यात दोन शनिवार गेले. तो कशानेच विरघळत नाही. शेवटी सरस लावून पाय रात्रभर क्लँपमध्ये ठेवला. चौरंगाच्या खालच्या बाजूला लेकीने पेन्सिलीने तारीख घातली आणि देवनागरीत लिहिलं, ‘सरस’. ‘र’ जरा वाकडा आलाय, पण पुढची दुरुस्ती करणाऱ्याला वाचता येईल.