टोळी उतरली की आधी बाळं मोजा

ऊसपट्ट्यातले शेतकरी, सरपंच, बचत गटातल्या ताई आणि कारखान्याचे सभासद, सगळ्यांना कळकळीची विनंती.

बॉयलर पेटला. आठ-पंधरा दिवसांत बीड, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतील. मुकादम कोयते मोजून घेईल. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. त्या कोयत्याबरोबर आलेलं दीड वर्षाचं पोर मात्र कुणाच्याच वहीत नसतं. शाळेच्या वयाच्या भावंडांसाठी गावाकडं हंगामी वसतिगृहं तरी आहेत. सहा वर्षांच्या आतलं लेकरू आईच्या कडेवर बसूनच येतं. हे आवाहन त्या लेकरासाठी आहे.

गेल्या हंगामात आमच्याच फडात सकाळी चहा घेऊन गेलो होतो. बैलगाडीच्या सावलीला पाचटावर गोधडी, गोधडीवर वर्षाचं बाळ, त्याला राखायला सात-आठ वर्षांची बहीण. बाळाच्या हातात उसाचं कांडं. आई पहाटेपासून मोळ्या बांधत होती. मी चुटक्या वाजवल्या, तर बाळानं नुसतं पाहिलं. हसलं नाही, रडलं नाही. "लई गुणी हाय, दिसभर आवाज न्हाई," बहीण म्हणाली. मलाही कौतुकच वाटलं. घरी आलो, नातवाचा दंगा ऐकला, तेव्हा कुठं मनात पाल चुकचुकली. वर्षाचं पोर दिवसभर गप्प आहे, यात कौतुक कसलं? रडून, हुंकारून पाहिलं आणि कुणी ओ दिली नाही, की हळूहळू तेही हाक मारणं सोडत असेल.

गर्भात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण 1000 दिवस मेंदूच्या सगळ्यात झपाट्याच्या वाढीचे. त्या काळात पोटात लोह आणि प्रथिनं लागतात, झोप लागते आणि समोर बोलणारं माणूस लागतं. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाठ टेकायला न मिळणाऱ्या आईनं यातलं काय काय आणायचं? हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे पहिल्या तीन वर्षांतलं जवळजवळ निम्मं आयुष्य फडात जातं.

अमेरिकेत किंबर्ली नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,099 मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूंची एमआरआय चित्रं तपासली. निष्कर्ष 2015 साली आले. घरचं उत्पन्न कमी, तिथं मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचं क्षेत्रफळ सरासरीनं कमी. सगळ्यात गरीब घरांमध्ये तर उत्पन्नातल्या थोड्या फरकानंही मेंदूत मोठा फरक दिसला. सरासरीनं, हे विसरू नका. एखाद्या पोराच्या कपाळावर शिक्का मारायला हा अभ्यास नाही, आणि 'त्यांची पोरं मुळातच ढ' म्हणणाऱ्यांच्या कामाचा तर मुळीच नाही.

कारण जमैकातली गोष्ट उलट सांगते. 1986-87 मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली 129 बाळं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जायची, घरातल्याच वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं, तर त्या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सरासरी 25 टक्के जास्त होती. आठवड्याला एक तास! आपल्या पारावर तेवढा वेळ रोज नुसत्या उसाच्या दरावर जातो.

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पाचच्या आतल्या 100 पैकी 35 मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली निघाली. त्यातलं कुणी ना कुणी तुमच्या बांधावर येणारच.

म्हणून टोळी उतरली की पहिल्याच दिवशी त्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर जा आणि सहाच्या आतली मुलं आणि गरोदर बाया मोजा. नावं अंगणवाडीताईंना द्या. 'आमच्या पटावर नाहीत' असं उत्तर आम्ही ऐकलं आहे. ऐकून परत फिरू नका. बाहेरगावच्या बाळालाही आहाराचा, वजनाचा, लसीचा हक्क आहे. ताईंवर आधीच कामाचा डोंगर, तेव्हा त्यांच्याशी भांडण्याऐवजी सोबत चला. खुशालीवरून टोळीशी दरवर्षी आपली वादावादी होते. ती होऊ दे, पण अंड्यांचा एक ट्रे वेगळा काढा. सभासदांनो, दराबरोबर कोप्यांच्या तळावर पाळणाघरही मागा. बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं येत नाहीत म्हणून त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आपल्याला फडापर्यंतच जायचं आहे.

आमच्या गावात मी घरची पडवी मोकळी केली आहे. पाळणा आहे, सतरंजी आहे, नातवाची फाटकी चित्रांची पुस्तकं आहेत. सकाळी आठ ते बारा पोरांशी गप्पा मारत बसायला दोन माणसं हवी आहेत. गाणी येत नसली तरी चालेल.