भुकेले की गुदमरलेले?



पाहुणा दारात आला की प्रथम त्याच्यापुढे ताट मांडावे, ही आपली रीत. तो थकलेला आहे की आजारी आहे, याची विचारपूस मागाहून. माणसांच्या बाबतीत ही रीत गोड आहे; तळ्यातील माशांच्या बाबतीत मात्र ती जिवावर बेतू शकते. याचा प्रत्यय मला गेल्या पावसाळ्यात हैदराबाद येथे आला.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ नोकरीनिमित्त तेथे गेले आणि तेथेच स्थायिक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर, चेवेळ्ळाच्या वाटेवर, थोडी जमीन घेऊन दहा गुंठ्यांचे तळे खोदले. हैदराबाद ही तलावांची नगरी. हुसेनसागर सोळाव्या शतकातला. उस्मानसागर व हिमायतसागर हे १९०८ सालच्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेले. २००६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे कार्यालयही याच शहरी असून त्याची इमारत चक्क माशाच्या आकाराची आहे. अशा ठिकाणी मत्स्यपालनाचा मोह कोणाला होणार नाही? बीजही आता सहज मिळते. पूर्वी ते नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून ही अडचण दूर होत गेली.

आमच्या गृहस्थांनी कटला, रोहू व मृगळ यांची पाचशे बोटुकली सोडली. निवृत्तीच्या पैशाचा मोठा वाटा तळ्यात गेलेला. पहिल्या विक्रीतून धाकट्या मुलीच्या परिचारिका-शिक्षणाची फी भरावयाची. मासे लवकर वाढावेत म्हणून पतिपत्नी सकाळ-सायंकाळ टोपली भरभरून कोंडा व पेंड पाण्यात टाकीत. घरात उरलेला भातही तळ्यातच जाई.

मी गेलो तेव्हा तीन दिवस आभाळ भरून आले होते. पहाटे तळ्याकाठी गेलो तो काय, शेकडो मासे पाण्यावर तोंडे काढून उघडमीट करीत होते! "फादर, पाहिलंत ना, कसे मागताहेत बिचारे!" असे म्हणून बाई टोपली आणावयास वळल्या. मलाही ते दृश्य कौतुकाचेच वाटले. इतक्यात जाळे टाकण्यासाठी बोलावलेला वृद्ध कोळी तेथे आला. त्याने एकवार पाण्याकडे पाहिले व घाईने म्हणाला, "अम्मा, टोपली ठेवा खाली! हे भुकेले नाहीत, यांचा श्वास कोंडला आहे."

त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात बुडविला. तळवा केव्हाच दिसेनासा झाला होता. मग बांबू तळाशी खुपसून वर काढला. त्याला लागलेल्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येत होती. लगेच पंप लावून विहिरीचे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडले आणि खाद्य बंद केले. दुपारपर्यंत चाळीसएक मासे मेले, बाकीचे वाचले. टोपली रिती झाली असती, तर तळेही रिते झाले असते.

असे का व्हावे? पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. रात्री मात्र त्याही तो वापरतात. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि ढगाळ दिवसांत ही तूट अधिकच वाढते. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजू लागले की उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. तेव्हा पहाटे वर आलेली तोंडे ही अन्नाची मागणी नसून धोक्याची घंटा समजावी.

मग खाद्य द्यावे तरी किती? तेही त्या वृद्धाने समजाविले, आणि पुढे जाणकारांना विचारता तेच खरे ठरले. महिन्यातून एकदा वीसएक मासे धरून तोलावेत व सरासरी काढावी. पाचशे मासे सरासरी शंभर ग्रॅमचे असतील, तर एकूण भार पन्नास किलो. त्याच्या शेकडा तीन या हिशेबाने रोज दीड किलो खाद्य पुरे. मासे चारशे ग्रॅमचे झाले की शेकडा दोनप्रमाणे चार किलो. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग घ्यावी. बुरशी लागलेली पेंड मात्र कदापि वापरू नये, तिच्यात विष असते. वेळ व जागा ठरलेली असावी. थंडीत मासे कमी खातात, तेव्हा खाद्य कमी करावे. ढगाळ दिवशी बंदच ठेवावे. हात कोपरापर्यंत बुडविल्यावर तळवा जेमतेम दिसेनासा व्हावा, इतपत हिरवेपणा चांगला. त्याआधीच दिसेनासा झाला तर शेणखत टाकणे थांबवावे.

आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात एक साधी युक्ती रूढ आहे. पोत्यांना भोके पाडून त्यांत खाद्य भरतात व ती पोती तळ्यात रोवलेल्या बांबूंना बांधतात. मासे भोकांतून हवे तेवढे ओढून खातात. काही तासांनी पोते तपासावे; खाद्य उरले तर दुसऱ्या दिवशी कमी भरावे. ते पोते म्हणजे माशांनी लिहिलेली हिशेबाची वहीच!

आमच्या गृहस्थांनी आता अशी चार पोती बांधली आहेत. नुकतेच त्यांचे पत्र आले. मासे सरासरी सहाशे ग्रॅमचे झाले, मुलीची पहिली फी भरली गेली, आणि पूर्वीच्या निम्म्या खाद्यात हे साधले. पत्राच्या शेवटी बाईंनी एक ओळ जोडली आहे: "टोपली आता भाजीसाठी वापरते."

वाचकहो, आपल्या वसईच्या वाड्यांतून अजूनही काही बावखले बुजण्यावाचून राहिली आहेत. त्यांत मासे सोडण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. उरलासुरला भात व शिळे पाव त्यांत फेकू नयेत. ते पाणी शेजाऱ्याच्या बागेलाही लागते. तळ्याकाठी जाताना हाती टोपली घेण्याआधी पहाटे एकदा रिकाम्या हाताने जावे, पाणी निरखावे, आणि मगच ठरवावे की आपल्या माशांना काय हवे आहे.