कानातले बोळे

"कानात बोळे घालून बसलीयेस का?" लहानपणी आईचं हे वाक्य दिवसातून तीनदा तरी ऐकलं असेल. पन्नाशी ओलांडल्यावर कुणी हेच विचारलं असतं, तर मधलं वर्षभर तरी माझं खरंखुरं उत्तर "हो" असंच होतं.

नात्यातल्या बऱ्याच जणांचा समज झालाय की मी हल्ली शिष्ट झालेय. लग्नाला येत नाही, आले तर जेवून लगेच पळते, बँड सुरू झाला की गायब होते. फोनवर एकेकाला समजावण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहून टाकते. शिवाय या सगळ्यातून माझं एक ठाम मत झालंय, तेही सांगायचंय.

तर झालं असं. ९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. करोनाच्या दोन वर्षांनंतरची पहिली मोकळी विसर्जन मिरवणूक. दुपारी लक्ष्मी रस्त्यावर मानाचे गणपती डोळे भरून पाहिले. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण उत्साह! रात्री जेवून पुन्हा बाहेर पडलो आणि अलका चौकाच्या अलीकडे एका मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीसमोर गर्दीत अडकलो. पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. चांगला पाऊण तास. घरी आले तेव्हा कानात दडे बसलेले आणि आत कुठेतरी एक बारीक शिट्टी. सकाळपर्यंत दडे मोकळे झाले. शिट्टी राहिली. आजही आहे. हे लिहितानाही आहे.

चारपाच महिने "जाईल आपोआप" म्हणत काढले आणि मग कानाच्या डॉक्टरांकडे गेले. (हा पहिला मूर्खपणा. असं काही झालं तर लगेच जावं. अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, एकाच कानात आवाज येत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर अजिबात थांबू नये.) त्यांनी श्रवणाची चाचणी करून आलेख दाखवला. बाकी ठीकठाक, पण ४००० हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजाने कान दुखावल्याची ही अगदी नेहमीची खूण म्हणे. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आणि शिट्टी? "तिला टिनिटस म्हणतात. ती घालवणारी गोळी नाही. सवय होते हळूहळू."

घरी हे सांगितल्यावर आमच्या काकांनी विषय वेगळ्याच पातळीवर नेला. "अगं, हा अनाहत नाद! योगी लोक त्यासाठी जन्मभर बसतात. तुला फुकटात मिळाला!" :) माझ्या लेखी मात्र हा सुश्रुतसंहितेतला कर्णनाद. तिथे तो कानाच्या रोगांच्या यादीत आहे, साधनेच्या नाही.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांचं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं: "मोठ्या आवाजापासून कान जपा." मी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. फोमचे इअरप्लग आणले. आधी फक्त रिक्षात घालायचे. मग मिक्सर लावताना. मग भांडी घासताना. मग टीव्ही चालू असताना. मग शेजारची मुलं सुट्टीत जिन्यात खेळायला लागली तेव्हा. सहा महिन्यांत अशी अवस्था आली की सकाळी चष्म्याबरोबर बोळेही चढायचे. मला वाटायचं, कान बिचारे जखमी आहेत, त्यांना आराम देतेय.

झालं उलटंच. बोळे घातले की बाहेरचं सगळं शांत आणि आतली शिट्टी टिपेला. काढले की ओट्यावर ठेवलेलं स्टीलचं ताट थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. आधी जे आवाज लक्षातही येत नव्हते ते सहन होईनासे झाले. म्हणून मी बोळे आणखी जास्त वेळ घालायला लागले.

२०२३ ची दिवाळी. मी स्वयंपाकघरात चकलीची भाजणी मळत होते, कानात अर्थातच बोळे. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मुळातच बारीक. मी दहाबारा फुटांवर होते. मला काही कळलं नाही. वीस मिनिटांनी हात धुवायला गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसलेल्या दिसल्या. हाड मोडलं नव्हतं, नशीब. रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, मी हाका मारत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण शिट्टी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून किती तास प्लग घालता?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, दहाबारा. त्यांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. पूर्वी रेडिओवर लांबचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण काय करायचो? आवाजाचं बटण पिळायचो. गाणं थोडं मोठं व्हायचं, पण खरखरही मोठी व्हायची. मेंदू असंच काहीसं करतो, असं बरेच संशोधक मानतात. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की तो आपलं बटण वाढवतो, आणि मग आतली खरखर ऐकू यायला लागते. कानातल्या पेशी मेल्यामुळे माझ्या मेंदूने ते आधीच एकदा वाढवलं होतं. वर मी दिवसभर बोळे घालून त्याला सांगत होते, "अजून वाढव!"

हे नुसतं तर्कट नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या ऐंशी लोकांना अगदी निःशब्द खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू यायला लागलं. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या अठरा जणांना एका कानात सात दिवस प्लग घालायला लावला. चौदा जणांना नसलेले आवाज ऐकू आले. प्लग काढल्यावर ते गेले. आणि २००३ मधल्या एका प्रयोगात दोन आठवडे प्लग घालणाऱ्यांना नंतर साधे आवाजही जास्त मोठे वाटायला लागले, तर कानाशी मंद सळसळ सतत चालू ठेवलेल्या लोकांची सहनशक्ती उलट वाढली. हे वाचल्यावर मला माझ्या ओट्यावरच्या ताटाचं कोडं उलगडलं.

म्हणजे काय, तर शांतता हे यावरचं औषध नव्हे.

पण थांबा. हे वाचून "बघ, आम्ही म्हणतच होतो, एक दिवसाने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी लगेच खूष होऊ नये. तेही तितकेच चूक आहेत, आणि त्यामागे साधं गणित आहे. ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तास, ही कामाच्या जागेसाठी मानली जाणारी मर्यादा. तिथून आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीची मुलं दरवर्षी आवाज मोजतात. २०२२ साली त्यांची सरासरी शंभराच्या पुढे गेली होती. मी स्पीकरच्या भिंतीसमोर होते पाऊण तास. करा हिशोब.

हेच गणित उलट्या बाजूनेही लावून बघितलं. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं (ते काही काटेकोर नसतं, पण अंदाज येतो) आणि ओट्याशी उभं राहून मिक्सर मोजला. ८८ च्या आसपास. म्हणजे मर्यादा चार तासांची. आता मला सांगा, चार तास फिरवायला लागेल अशी कुठली चटणी असते? जिन्यातली मुलं सत्तरच्या आत. टीव्ही साठ. सासूबाईंची हाक तर पन्नासही नसेल. ज्या आवाजांना मी वर्षभर घाबरले त्यातला एकही माझ्या कानाला इजा करणारा नव्हता. त्रास होणं वेगळं आणि इजा होणं वेगळं, ही एक गोष्ट मला आधी कळली असती तर वर्ष वाचलं असतं.

म्हणून माझं मत असं: बोळे खिशात हवेत, कानात नकोत. छत्री कशी, पाऊस आला की उघडायची. घरात कुणी छत्री उघडून बसत नाही, आणि भर पावसात "एक दिवसाने काय होतंय" म्हणून भिजतही नाही.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी घरातले बोळे एकदम सोडले नाहीत, हळूहळू सोडले. पहिल्या आठवड्यात रोज एक तास बिनबोळ्याचा, मग दोन. (ज्यांना साध्या आवाजानेही कान दुखतात त्यांनी हे जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करावं.) रात्री पंखा आणि मोबाईलवर तानपुरा. तोसुद्धा शिट्टी बुडवून टाकेल इतका मोठा नाही. शिट्टीच्या किंचित खाली, म्हणजे दोन्ही एकत्र ऐकू येतील असा. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय कशी होणार? पहिले दोन महिने जड गेले. ताट आपटलं की अजून दचकायचे. एकदा तर रडून पुन्हा बोळे शोधायला लागले होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मी ताटाखाली फडकं ठेवते." मीच नको म्हटलं.

आणि मग २०२४. माझी भाची पहिल्यांदाच ढोल पथकात भरती झाली. "मावशी, तू येणार ना?" असं तिने विचारलं तेव्हा घरात सगळे एकदम गप्प झाले. मी आधी नदीपात्रात तिचा सराव बघायला गेले. लांब उभी राहिले, वीस मिनिटांत परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. वादकांसाठी मिळतात तसले प्लग घेतले, जे सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. त्यामुळे ढोल ढोलासारखाच ऐकू येतो, फक्त लांबून आल्यासारखा. फोमचे मात्र नीट घालावे लागतात. बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता अडकवला तर पाकिटावर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. साध्या कापसाच्या बोळ्यांचा उपयोग तर फारच थोडा.

एक जोड भाचीलाही घेतला. ढोलाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? वाजवणाराच! आधी नाक मुरडलं तिने, "पथकात कुणी नाही घालत, हसतील." मी तिला माझ्या शिट्टीचा स्वर गुणगुणून दाखवला आणि म्हटलं, "हा मला रात्री तीन वाजताही ऐकू येतो." तिने जोड खिशात टाकला. पुढच्या सरावाला तिच्या कानात दिसला.

विसर्जनाच्या दिवशी तिचं पथक येईपर्यंत मी आतल्या गल्लीत थांबले. ते जवळ आल्यावर बोळे घातले, रस्त्यावर गेले, तिला डोळे भरून बघितलं आणि पथक पुढे गेल्यावर परतले. स्पीकरच्या भिंती यायच्या आत घरी. दुसऱ्या दिवशी शिट्टी जरा चढली होती, तिसऱ्या दिवशी नेहमीवर आली. जाऊन चूक केली असं एकदाही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. कान जपायची सगळी जबाबदारी कानवाल्याचीच का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सणाला वर्षातले काही दिवस रात्री बारापर्यंतची सवलत देता येते, पण ती वेळेची आहे. स्पीकरची भिंत उभारणाऱ्याने ती थोडी खाली आणली, तर त्या रस्त्यावरच्या हजारो लोकांना बोळे लागणारच नाहीत. ढोल आणि ताशा आपले आहेत, त्यावर माझा राग नाही. पण छातीचा भाता हलवणारा तो आवाज कुणाच्या भक्तीसाठी असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. घरच्या मंडळींना दोनच विनंत्या. माझ्यासमोर कुजबुजत बोलू नका, मी काचेची नाही. आणि कार्याला बोलवत जा, मी येईन. बँडच्या वेळी पर्स उघडून काहीतरी काढताना दिसले तर समजून घ्या.

घरात मात्र आता बोळे नसतात. सासूबाई परवा आतून हळूच म्हणाल्या, "चहा टाकतेस का गं?" पहिल्या हाकेला ऐकू आलं.