फोटो कुणी काढायचे?

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या ॲपवर आपल्या बहिणींचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. तेव्हा सल्ला काय मिळाला? मुलींनो, फोटो काढून टाका! मला हे पटत नाही. पत्रकार, वकील म्हणून त्यांनी ते उघडपणे टाकले होते; गुन्हा उचलणाऱ्याचा. पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचा विद्यार्थीही होता, म्हणजे माझ्याच बिरादरीतला.

अकाउंट प्रायव्हेट जरूर ठेवा, पण त्याने स्क्रीनशॉट थांबत नाही. खासगी फोटोवरून कुणी धमकावलं, तर वय अठराच्या वर असल्यास ‘स्टॉपएनसीआयआय’ वापरा. फोटो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त हॅश, म्हणजे आकड्यांचा ठसा, जातो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम तो ओळखून रोखू शकतात. भावांनो, बहीण हे सांगायला आली तर तिचा फोन हिसकावू नका, चॅट पुसू नका. पुरावा त्यातच असतो.